ओहोटीतला सल्ला

जोसलिन : भेटला होता की नाही, एवढंच विचारतेय मी.

ऑस्मंड : भेटला म्हणजे, ऑफिसात आला नव्हता. वेळ घेतली नव्हती. या खुर्चीत बसला नव्हता.

जोसलिन : मग कुठे?

ऑस्मंड : समुद्रावर. फेब्रुवारीतली मोठी ओहोटी होती. निम्मं गर्न्सी बेट गुडघाभर पाण्यात वाकून ऑर्मरचे शिंपले शोधत होतं. तोही होता, मीही होतो. मी आकड्याने दगड उलटतोय, गारठ्याने बोटं बधिर झालीत. अशा ठिकाणी कुणी येऊन दोन शब्द बोललं, तर ती काय वकिलाची भेट झाली?

जोसलिन : म्हणजे नेव्हिल रॅबी तुमच्याशी बोलला. बायकोबद्दल.

ऑस्मंड : बोलला काहीतरी.

जोसलिन : अर्ध्या तासापूर्वी रॉबिलियारचा फोन आला होता. आवाज नुसता लोण्यासारखा. "मला फार वाईट वाटतंय, जोसलिन, पण माझे अशील म्हणतात की तुमचे भागीदार अ‍ॅडव्होकेट ब्रुआर यांनी त्यांना फेब्रुवारीतच सल्ला दिलाय. तेव्हा तुमच्या ऑफिसातलं कुणी उद्या त्यांच्या पत्नीतर्फे उभं राहिलं, तर मला नाइलाजाने हरकत घ्यावी लागेल." सल्ला फेब्रुवारीतला, आणि मला सांगतोय आज. सुनावणीच्या आदल्या दिवशी, पोटभर जेवून झाल्यावर. राखून ठेवलं होतं त्याने.

ऑस्मंड : रॉबिलियार पहिल्यापासून तसाच. त्याचा बापसुद्धा...

जोसलिन : त्याच्या बापाचं मला सांगू नका. इव्हेटचं वकीलपत्र घ्यायच्या आधी मी याच टेबलाशी सगळ्यांना विचारलं होतं, रॅबी नवराबायकोपैकी कुणाशी कुणाचं काही बोलणं झालंय का. तुम्ही समोर बसला होता. चहा ढवळत होता.

ऑस्मंड : मला वाटलं की ते...

जोसलिन : साखर घेत नाही तुम्ही. तरी ढवळत होता.

ऑस्मंड : मला वाटलं, ते धरायचं नाही. त्याची ना फाइल, ना नोंद. पाण्यात उभ्या उभ्या झालेलं बोलणं. तू इतकी चिडशील हे माहीत असतं तर...

जोसलिन : तर काय, सांगितलं असतंत? की आणखी जोरात ढवळला असतात? पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काय शिकवलं, आठवतंय? कायदा नाही शिकवलात. हात वर करायला शिकवलंत. "हे बेट एवढंसं आहे, जोसलिन. दुकानाच्या रांगेत, चर्चच्या दारात, दाताच्या डॉक्टरकडे तू तोंड उघडून बसली असशील तरी लोक आपली भांडणं सांगायला येतील. हात वर करायचा आणि म्हणायचं, मला काही सांगू नका. एकदा एका बाजूचं ऐकलंस की दुसऱ्या बाजूला तू मेलीस. तू आणि तुझं सगळं ऑफिस." शब्द तुमचेच आहेत. आईला पुरून आलो, जेवायला बसलो, आणि माझा सख्खा भाऊ त्याच्या बायकोबद्दल बोलायला लागला. मी हात वर केला. आईला पुरल्याच्या दिवशी. अजून तो माझ्याशी बोलत नाही.

ऑस्मंड : ते तू बरोबरच केलंस.

जोसलिन : आणि तुम्ही काय केलंत?

ऑस्मंड : माझे दोन्ही हात गुंतलेले होते. एकात आकडा, एकात टोपली.

जोसलिन : हा विनोद आहे?

ऑस्मंड : नाही. तसंच होतं, म्हणून सांगतोय.

जोसलिन : बेटावरच्या एकूण एक ऑफिसात त्या माणसाने जाऊन कॉफी प्यायली. प्रत्येकाला आपल्या संसाराचं थोडं थोडं सांगितलं. म्हणजे ते सगळे बायकोच्या कामातून बाद. आपण तेवढे राहिलो होतो, कारण मी तेव्हा सुट्टीवर होते आणि तुम्ही नवराबायकोच्या केसेस कधीच सोडल्यात. मला वाटलं नशीब तिचं, एक दार उघडं राहिलं. आणि तुम्ही आधीच त्याला घरात घेऊन बसला होता.

ऑस्मंड : आवाज जरा खाली घे. जिन्यावर कुणीतरी आहे.

जोसलिन : तीच आहे. मीच बोलावलंय तिला. आता तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

इव्हेट : दार लोटलेलंच होतं, म्हणून सरळ वर आले. धुक्यात बस रांगत होती नुसती. विमानतळ सकाळपासून बंद आहे म्हणे.

जोसलिन : या, इव्हेट. बसा.

इव्हेट : बसा म्हणालात म्हणजे काहीतरी बिनसलंय. ज्या ज्या ऑफिसात मला बसा म्हणाले, तिथून चहा पाजून बाहेर काढलंय.

जोसलिन : बिनसलंय. उद्या मला तुमच्यातर्फे उभं राहता येईल की नाही, याची खात्री राहिलेली नाही.

इव्हेट : तुम्हीसुद्धा?

जोसलिन : मी नाही. हे. पण कायद्याच्या दृष्टीने मी आणि हे एकच. तुमच्या नवऱ्याने फेब्रुवारीतच यांच्याशी बोलून घेतलं होतं. आज दुपारी ते त्यांनी बाहेर काढलं.

इव्हेट : बघा, माझा काय समज झाला होता माहीत आहे? मला वाटायला लागलं होतं की माझ्या अंगालाच काहीतरी वास येतोय. जिथे जावं तिथे काउंटरवरची पोरगी आत जाणार, परत येणार, आणि तोंड पाडून म्हणणार, आम्हाला जमणार नाही. एकीला मी म्हटलं, कारण तरी सांग. तर म्हणते, कारण सांगता येत नाही, हेच कारण आहे. मी घरी येऊन आरशात बघितलं.

ऑस्मंड : इव्हेट, मी तुझ्या वडिलांना...

इव्हेट : तुम्ही थांबा जरा. माझं यांच्याशी बोलणं चाललंय. अ‍ॅडव्होकेट, उद्या काय ठरणार ते मी नीट समजून घेतलंय. घर आणि काचघरं आत्ताच विकायची की नाही, एवढंच ना?

जोसलिन : एवढंच. पण एकदा विकायचा हुकूम झाला, की घटस्फोटातल्या पुढच्या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.

इव्हेट : गिऱ्हाईक तयार आहे त्याचं. काचघरं पाडून तिथे सुट्टीच्या खोल्या बांधणार. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर मी आणि बाबा बाहेर. बाबा त्या घरात जन्मले. ती काच त्यांनी स्वतः बसवली, एकेक तावदान. अजून रोज सकाळी काठी टेकत आत जातात आणि फ्रीझियाच्या फुलझाडांना पाणी जास्त झालं म्हणून माझ्याशी भांडतात. त्यांना मी काय सांगू? की कोर्टात नेव्हिलच्या बाजूने बोलायला माणूस होता, आणि माझ्या बाजूने कुणी नव्हतं, कारण सगळ्यांनी त्याच्याबरोबर कॉफी प्यायली होती?

जोसलिन : तसं होऊ नये म्हणूनच...

इव्हेट : माझा मावसभाऊ लंडनहून म्हणाला, तिकडचा वकील पाठवतो.

जोसलिन : आला तरी त्याला तोंड उघडता येणार नाही. या कोर्टात उभं राहायचं तर इथली शपथ घेतलेली लागते. त्याआधी फ्रान्सला जाऊन जुना नॉर्मन कायदा घोकावा लागतो. तो फार तर मागच्या बाकावर बसून तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल.

इव्हेट : ती माझ्याकडे पुष्कळ साचलीय. बाजारातल्या बायका रोज देतात.

जोसलिन : तारीख पुढे ढकलायची मागणी करता येईल. रॉबिलियार म्हणेल, गिऱ्हाईक निघून जाईल. आणि पुढे ढकलून तरी मिळणार काय? महिन्याभराने काही नवे वकील उगवणार नाहीत.

इव्हेट : मला एक सांगा. हे त्याला सुचलं कसं?

जोसलिन : म्हणजे?

इव्हेट : सोळा वर्षं काढलीत मी त्या माणसाबरोबर. नेव्हिलला सकाळी स्वतःचे बूट सापडत नाहीत. त्याचं हॉटेलसुद्धा आधी त्याच्या आईने चालवलं, मग मॅनेजरने. एकेका दारात जायचं, गोड बोलायचं, आणि न भांडता, न ओरडता माझी सगळी दारं बाहेरून लावून घ्यायची, हे त्याच्या डोक्यातलं नाही. कुणीतरी शिकवलंय त्याला. कायदा कळणाऱ्या माणसाने.

जोसलिन : रॉबिलियार, दुसरा कोण.

इव्हेट : रॉबिलियारकडे तो सगळ्यात शेवटी गेला. बाकीची सगळी फिरून झाल्यावर.

(ऑस्मंड उठून खिडकीशी जातो. बाहेर धुकं. बंदर दिसत नाही.)

जोसलिन : ऑस्मंड.

ऑस्मंड : हं.

जोसलिन : तो बोलला, ते कळलं. तुम्ही काय बोललात?

ऑस्मंड : ते मला सांगता येत नाही. आणि हिच्यासमोर तर...

जोसलिन : हिच्यासमोरच.

ऑस्मंड : त्याने विचारलं, बायको कुणाला उभं करेल. मी म्हटलं, कुणालाही करेल. पण तू आधी सगळीकडे जाऊन एकेक कॉफी पिऊन आलास, तर बिचारीला कुणी उरणारच नाही. हसत म्हटलं. तोही हसला. मी पुन्हा वाकलो आणि दगड उलटायला लागलो.

इव्हेट : बिचारी म्हणालात?

ऑस्मंड : म्हणालो असेन.

इव्हेट : माझ्या बारशाला जेवून गेला होता तुम्ही.

ऑस्मंड : तेव्हा डोळ्यांसमोर तू नव्हतीस. खरंच नव्हतीस. कुणाची तरी बायको होती. आम्ही लोक असंच बोलतो, इव्हेट. नवरा, बायको, घर, जमीन. बुद्धिबळातली प्यादी असतात तशी.

इव्हेट : लग्नाच्या वर्षी बाबांचं घर आमच्या दोघांच्या नावावर केलंत, तेव्हा कोर्टात मला तुम्हीच उभं केलं होतं. तुम्ही कानात म्हणालात, न्यायाधीशांनी विचारलं की मान डोलव. मी डोलावली. त्या इमारतीतला माझा अनुभव एवढाच. तेव्हाही बोललेली नाही मी.

जोसलिन : गंमत म्हणून. चाळीस वर्षांची वकिली, आणि एका बाईला कोर्टातून हुसकावून लावायची युक्ती गंमत म्हणून दिलीत.

ऑस्मंड : तो ती खरी करेल असं मला वाटलं नव्हतं.

जोसलिन : खोटं. तुम्हाला वाटलं होतं. म्हणून तर चहा ढवळत होता. मी याच टेबलाशी म्हणाले की बाकी सगळ्यांनी तिला नाही म्हटलंय, तेव्हा तुम्हाला त्याच क्षणी कळलं की त्याने केलं. माझ्याआधी कळलं. आणि तुम्ही गप्प बसलात.

ऑस्मंड : हो.

जोसलिन : का?

ऑस्मंड : आता कारण विचारून काय होणार?

जोसलिन : मला हवंय. आज नाही तर कधीच मिळणार नाही.

ऑस्मंड : रॉबिलियारही होता तिथे. दहा हातांवर. रॅबी त्याच्याकडे गेला नाही, माझ्याकडे आला. खडकांवरून घसरत, धडपडत, पाण्यातून आला आणि म्हणाला, ऑस्मंड, या बेटावर डोकं चालतं असा एकच माणूस उरलाय. मला कुणी काही विचारून किती दिवस झाले, तुला कल्पना नाही. खालचं दार उघडलं की प्रत्येक माणूस तुझं नाव घेतो. माझ्या खोलीत लोक कोट ठेवायला येतात. ख्रिसमसच्या जेवणाला माझं भाषण ठेवता तुम्ही, आणि पहिल्या वाक्याला टाळ्या वाजवता.

जोसलिन : म्हणून.

ऑस्मंड : म्हणून. आणि युक्ती चांगली होती. ते सांगताना मला बरं वाटलं. झालं समाधान?

जोसलिन : नाही.

इव्हेट : तुम्हाला विचारायला कुणी येत नव्हतं. आणि मी दारोदार विचारत फिरत होते. आले असते ना मी. बाबांचे मित्र म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडेच यायचं माझ्या मनात होतं. मीच म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

ऑस्मंड : इव्हेट, मला माफ कर. वॉल्टरला मी स्वतः येऊन भेटतो.

इव्हेट : बाबांच्या जवळपास फिरकायचं नाही. त्यांना तुम्ही आवडता. माफी घेऊन मी काय करू? ती उद्या कोर्टात दाखवू?

जोसलिन : माफी नाही. पण ते जे म्हणाले, ते दाखवता येईल.

ऑस्मंड : काय बोलतेस तू?

जोसलिन : उद्या दहाला रॉबिलियार उठेल आणि म्हणेल, हिचा भागीदार माझ्या अशिलाचा सल्लागार होता, हिला बाहेर काढा. मी म्हणेन, सल्ला कसला होता ते आधी ऐका. त्याने खरोखर मदत मागितली असेल, तर मी खाली बसते. पण बायकोला वकीलच मिळू नये एवढ्यासाठी तो ऑफिसं फिरला असेल, तर ते गुपित कोर्टाने का राखायचं? हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे.

ऑस्मंड : अशिलाचं बोलणं मी भर कोर्टात फोडू?

जोसलिन : आत्ताच पाण्यात उभ्या उभ्या झालेलं बोलणं म्हणत होता. आता लगेच तो अशील झाला?

ऑस्मंड : मी काय म्हणतो त्याने फरक पडत नाही. कोर्ट धरेल ते खरं. माझी सनद जाईल, जोसलिन.

जोसलिन : त्याने त्याच्या संसाराचं काय सांगितलं, त्यातला एक शब्द बोलू नका. ते त्याचं आहे. तुम्ही काय सांगितलं, तेवढंच सांगा.

ऑस्मंड : सल्लासुद्धा त्याचाच असतो. हे मीच तुला शिकवलंय.

जोसलिन : समोरच्याची कोर्टाची वाट बुजवायला दिलेला सल्ला कुणाचाच नसतो. मी तसा वाद घालणार. न्यायाधीश मानतील की नाही, मला माहीत नाही. मानलं तर मी उभी राहीन. नाही मानलं तर इव्हेटला स्वतः बोलावं लागेल. पण तेव्हा निदान ती एकटी का उभी आहे, हे सगळ्यांना माहीत असेल.

ऑस्मंड : ज्युरॅटांच्या बाकावर माझा मेहुणा बसतो. न्यायाधीशांच्या शेजारी, निकाल देणाऱ्या पंचांत.

जोसलिन : मग तो उठून बाहेर जाईल. दुसरा ज्युरॅट येईल.

ऑस्मंड : दुपारच्या आत सगळ्या बेटाला कळेल.

इव्हेट : मला कुणी घेत नाही, हे कळायला तेवढाही वेळ लागला नव्हता.

ऑस्मंड : आणि तू? तू माझी भागीदार आहेस. माझ्यावर चिखल उडाला तर तुझ्यावर नाही उडणार?

जोसलिन : भागीदारी मी आज सोडतेय. त्याने उद्याचा गुंता सुटत नाही, हे मला कळतं. तरी सोडतेय. दारावरच्या पाटीवर तुमच्याखाली माझं नाव आहे, ते सोमवारी काढून घेईन.

ऑस्मंड : तुला मी आणलं इथे.

जोसलिन : हो. आणि चांगलं शिकवलंत. म्हणूनच मला हे इतकं लागलंय. वाईट वकिलाने हे केलं असतं तर मी नुसती हसले असते.

इव्हेट : मला पाचची बस आहे. बाबा एकटे आहेत, आणि धुक्यात त्यांना बाहेर पडायची हुक्की येते. हे येणार की नाही, तेवढं सांगा. नसतील येणार तर मला रात्रभर बसून माझं माझं बोलायची तयारी केली पाहिजे. मी आजवर मोठ्याने बोललेय ती फक्त कोंबड्यांशी.

ऑस्मंड : मला विचार करायला वेळ दे.

इव्हेट : दिलाय की. फेब्रुवारीपासून.

ऑस्मंड : आलो, आणि तरीही न्यायाधीशांनी जोसलिनला खाली बसवलं तर?

इव्हेट : तर तुमची सनद फुकट गेली. माझं घर जाईल, तेही फुकटच जाईल.

ऑस्मंड : तू अगदी तुझ्या आईसारखी बोलतेस.

इव्हेट : येणार का?

ऑस्मंड : येईन.

जोसलिन : साडेनऊला. मागच्या दाराने नाही, पुढच्या. गाऊन इथेच खुंटीला राहू दे. साक्षीदार आपल्या कपड्यांत येतो.

ऑस्मंड : त्या खोलीत मी गाऊनशिवाय कधी गेलेलो नाही.

जोसलिन : प्रश्न मी विचारणार. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. भाषण नाही, जुन्या आठवणी नाहीत, रॉबिलियारचा बाप नाही.

ऑस्मंड : हे तू मला सांगतेस?

जोसलिन : प्रत्येक साक्षीदाराला सांगते. बसा इथे. एकदा म्हणून बघू. त्या दिवशी समुद्रावर नेव्हिल रॅबी यांना तुम्ही काय म्हणालात?

ऑस्मंड : आत्ता? ही असताना?

जोसलिन : उद्याही ती असणार आहे. काय म्हणालात?

ऑस्मंड : मी म्हणालो... मी म्हणालो की, आधी सगळ्यांकडे जाऊन ये. म्हणजे तिला कुणी उरणार नाही.

इव्हेट : कुणाला?

जोसलिन : इव्हेट, प्रश्न मी विचारायचेत.

इव्हेट : तुम्ही विचारा मग. कुणाला उरणार नाही?

जोसलिन : कुणाला, अ‍ॅडव्होकेट ब्रुआर?

ऑस्मंड : इव्हेटला. वॉल्टर फालाच्या मुलीला.

इव्हेट : नुसतं इव्हेट म्हणा. उद्या तिथे मीच असेन.